तुम्ही विचारलंत म्हणून: फिजिओथेरपीनंतर दुखणं परत का येतं?

"तुमच्याकडे येत होतो तेव्हा एकदम मोकळं वाटायचं. आता पुन्हा तेच! मग एवढी फिजिओथेरपी केली ती कशाला?" हा प्रश्न कुणी चिडून विचारतं, कुणी संकोचत. पण प्रश्न रास्त आहे.

दुखणं थांबणं आणि त्या भागाने पूर्वीसारखा भार पेलणं, या दोन गोष्टी एकाच दिवशी होत नाहीत. दुखणं आधी थांबतं. ताकद मागाहून येते, तीही मेहनत घेतली तरच. बहुतेकांचे उपचार मात्र पहिल्या टप्प्यावरच संपतात. दुखत नाही म्हणजे झालं, असं वाटतं आणि येणं बंद होतं.

यात मशीनचा वाटा मोठा. "आज करंट नाही देणार का?" असं लोक हक्काने विचारतात. टेन्सच्या, म्हणजे त्वचेवर पॅड लावून सौम्य वीज देणाऱ्या मशीनच्या, करंटने वेदना कमी होतात त्या का, याचं एक स्पष्टीकरण मेलझॅक आणि वॉल या संशोधकांच्या १९६५ सालच्या 'गेट कंट्रोल' सिद्धान्तात आहे: त्वचेकडून येणाऱ्या स्पर्शाच्या संवेदना मज्जारज्जूतच वेदनेची वाट अडवतात. कुठे आपटलं की आपण ती जागा चोळतो, त्यामागेही हेच आहे. पण चोळल्याने स्नायू बळकट होत नाही, तसा करंटनेही होत नाही. व्यायाम करण्याइतपत आराम पडावा, एवढंच मशीनचं काम.

व्यायामाला वेळ लागतो. पहिल्या काही आठवड्यांत वाढते ती बरीचशी ताकद मेंदू आणि नसांच्या शिकण्यातून आलेली असते. स्नायू खरोखर भरायला साधारण सहा-आठ आठवडे लागतात, आणि स्नायू हाडाला बांधणारा कंडरा तर बारा आठवडे किंवा त्याहून जास्त घेतो. कंबरदुखीत मणक्यालगतचा मल्टिफिडस नावाचा छोटा स्नायू रोडावतो. दुखणं गेल्यावरही तो आपोआप पूर्ववत होईलच असं नाही.

घोटा मुरगळल्यानंतरचं एक उदाहरण सांगते. सूज उतरली, चालताना काही होत नाही, पेशंट खूश. मी भिंतीला बोटं टेकवून एका पायावर उभं राहायला आणि टाच वर-खाली करायला सांगते. चांगला पाय वीस-पंचवीस वेळा सहज करतो. दुखावलेला दहाच्या आसपास थरथरायला लागतो आणि टाच अर्ध्यावरच अडते. डोळे मिटून त्या पायावर उभं राहा म्हटलं, तर तोल लगेच जातो. हा पाय पुन्हा मुरगळला तर नवल ते काय?

दुसरं कारण म्हणजे घाई. महिनाभर आराम, आणि बरं वाटताच पूर्वीइतकंच चालणं, धावणं, वजन उचलणं. शरीराला वाढता भार चालतो, एकदम वाढलेला झेपत नाही. त्यात झोप अपुरी आणि डोक्याला ताण असेल, तर तेवढाच भार जास्त दुखतो.

तिसरं कारण म्हणजे व्यायामाचा तो कागद, आणि यात दोष आमच्या व्यवसायाचाही आहे. आठ-दहा व्यायाम लिहून दिले की आठवडाभरात सगळेच सुटतात. माझ्या मते दोन-तीन पुरेत, पण त्यांचं वजन किंवा अवघडपणा हळूहळू वाढायला हवा. तोच रबर बँड तितक्याच वेळा वर्षभर ओढून फारसं काही साधत नाही. एकदा कमावलेली ताकद टिकवायला मात्र कमी श्रम लागतात. व्यायामात उचलायचं वजन कमी केलं नाही, तर आठवड्यातून एक-दोनदाही भागतं. त्यामुळे उपचार थांबवण्याआधी दुखतं का एवढंच न पाहता, दोन्ही बाजू सारखं काम करतात का, हे तपासून घ्या.

एवढं करूनही दुखणं कधीतरी डोकं वर काढतंच. दरवेळी नवी इजा झालेली असते असं नाही, तेव्हा अंथरूण धरू नका. दोन-चार दिवस भार निम्म्यावर आणा, हालचाल चालू ठेवा आणि मग पुन्हा वाढवत न्या. पण पायातली शक्ती जाते आहे, जांघेत बधिरपणा आहे किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला आहे, असं असेल तर व्यायाम बाजूला ठेवून तडक हॉस्पिटल गाठा. दुखण्यासोबत ताप असेल किंवा कारण नसताना वजन उतरत असेल, तरीही आधी डॉक्टरांना दाखवा, माझ्याकडे नंतर या.