तुम्ही विचारलंत म्हणून : व्हॉर्टनला अर्ली टाकावं का?

गणपती आले की न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनच्या मराठी घरांत हा प्रश्न सुरू होतो. आरती झाली, प्रसादाची ताटली हातात आली, की कुणीतरी मला जरा बाजूला घेतं. "ताई, हिला व्हॉर्टनला अर्ली टाकू का? चान्स तिप्पट होतो म्हणतात." मी काही या व्यवसायातली नाही. ओळखीतल्या मुलांचे अर्जाचे निबंध वाचून देते, आणि माझा मुलगा या सगळ्यातून गेलाय, म्हणून लोक विचारतात. यंदा चौघांनी विचारलं. उभ्या उभ्या द्यायचं हे उत्तर नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी ते 'तिप्पट' कुठून येतं ते बघू. अर्ली म्हणजे अर्ली डिसिजन: १ नोव्हेंबरपर्यंत अर्ज, डिसेंबरात उत्तर, आणि होकार आला तर तिथेच जायचं वचन. रेग्युलर म्हणजे नेहमीची फेरी: अर्जाला दोन महिने जास्त, उत्तर मार्चअखेर, आणि वचन नाही. व्हॉर्टन म्हणजे फिलाडेल्फियातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचं, आपण ज्याला नुसतं 'पेन' म्हणतो त्याचं, १८८१ साली सुरू झालेलं बिझनेस स्कूल. २०२१ मध्ये पेनमध्ये दाखल झालेल्या वर्गासाठी अर्ली डिसिजनचे ७,९६२ अर्ज आले होते आणि त्यातल्या १,१९४ मुलांना होकार मिळाला. म्हणजे १५ टक्के. त्या वर्षी अर्ली आणि रेग्युलर मिळून एकूण अर्ज ५६,३३३ आणि होकार ३,२०२. वजाबाकी केली की रेग्युलरवाल्यांच्या वाट्याला जेमतेम ४ टक्के उरतात. पहिल्या वर्षाचा वर्ग साधारण २,४०० मुलांचा, म्हणजे त्यातला अर्धा डिसेंबरातच भरलेला असतो. हे आकडे बघून कोणत्याही आईबापाचा जीव खालीवर होईल. माझाही झाला होता.

पण हे आकडे अख्ख्या विद्यापीठाचे आहेत, एकट्या व्हॉर्टनचे नाहीत. नर्सिंग, इंजिनिअरिंग, इतिहास, भाषा, सगळं त्यात आलं. शिवाय त्या १,१९४ जणांत कोण कोण असतं ते बघा. ज्यांच्याशी तिथल्या प्रशिक्षकांचं आधीच बोलणं झालेलं असतं असे खेळाडू बहुतेक अर्लीतच अर्ज करतात. पेनमध्येच शिकलेल्या किंवा शिकवणाऱ्यांची मुलं येतात. आणि उरलेल्यांत ज्यांची तयारी ऑक्टोबरातच पूर्ण झालेली आहे अशी मुलं जास्त. तुमच्या मुलीने १ नोव्हेंबरला बटण दाबलं म्हणून ती त्यांच्यासारखी होत नाही. १५ टक्के हा त्या गर्दीचा आकडा आहे, तिचा नव्हे.

मग अर्लीचा फायदा नाहीच का? आहे. विद्यापीठाला आपल्या वर्गात नक्की किती मुलं येणार हे आधी कळायला हवं असतं, आणि अर्ली डिसिजनमधल्या मुलाने येण्याचं वचनच दिलेलं असतं. त्या वचनाला वजन आहे. पण ते उपयोगी पडतं काठावरच्या मुलाला, ज्याचा अर्ज तसाही टेबलावर बराच वेळ थांबला असता त्याला. काठापासून लांब असलेल्याला ते आत ओढून नेत नाही. आणि कच्चा निबंध, घाईने मागितलेलं शिफारसपत्र, अजून हवे तसे न आलेले एसएटीचे मार्क घेऊन अर्ली टाकणं म्हणजे दोन महिने जास्त मिळत असताना ते स्वतःहून सोडून देणं.

आता वचनाबद्दल. होकार आला की बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे, असं लिहिलेल्या करारावर मूल, पालक आणि शाळेचा काउन्सेलर अशा तिघांच्या सह्या असतात. अर्लीत पेनला अर्ज केला की दुसऱ्या खाजगी कॉलेजला अर्ली अर्ज चालत नाही. रटगर्ससारख्या सरकारी विद्यापीठाला मात्र करता येतो, आणि तो करावाच. सगळीकडे नियम एकच आहेत असंही नाही. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या स्टर्न बिझनेस स्कूलला जानेवारीत अर्लीची दुसरी फेरी असते. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या हास बिझनेस स्कूलला अर्ली ही गोष्टच नाही.

आमच्या घरी काय झालं ते सांगते. मुलाचं मन एका कॉलेजवर होतं. मी मात्र टक्केवारीचा तक्ता घेऊन बसले. दुसऱ्या एका कॉलेजचा अर्लीचा आकडा जास्त चांगला दिसत होता. "तिकडे वाया कशाला घालवतोस, इकडे टाक," असं मीच म्हटलं, आठवडाभर म्हणत राहिले. शेवटी त्याने टाकलं. डिसेंबरात होकार आला, घरात पेढे वाटले, पुण्याला आजीला फोन झाला. मार्चअखेर त्याच्या मित्रांची पत्रं यायला लागली. एका रात्री भांडी आवरताना तो मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आई, मी तिकडे टाकलं असतं तर काय झालं असतं?" आवाजात राग नव्हता. कॉलेज चांगलं होतं, तो तिथे नीट शिकला, आज नोकरीत सुखी आहे. पण त्या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं आणि आजही नाही. नकार आला असता तर तो पचवला असता त्याने. न विचारलेल्या प्रश्नाचं काय करायचं?

म्हणून आता कुणी विचारलं की मी आधी हे विचारते: दुसरं एकही पत्र न बघता, डिसेंबरात, तिथेच जायचंय का? आणि हे तिला हवंय की तुम्हाला? मुलगी क्षणभर थांबली आणि तिने तुमच्याकडे बघितलं, तर माझ्यासाठी उत्तर मिळालं.

पैशाचं बोलणं आपण शेवटी ठेवतो, ते खरं तर पहिलं हवं. राहणं-खाणं धरून वर्षाला ९० हजार डॉलरच्या वर खर्च. पेन गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देत नाही, मदत मिळते ती गरजेनुसार. २०२५-२६ पासून, मालमत्ता सर्वसाधारण असेल तर, २ लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना कॉलेजच्या पूर्ण ट्युशन फीइतकी मदत द्यायचं त्यांनी जाहीर केलं, आणि राहत्या घराची किंमत हिशोबात धरणं बंद केलं. कर्ज काढून घर घेतलेल्या आपल्या लोकांसाठी ही मोठी गोष्ट आहे. कॉलेजच्या संकेतस्थळावर खर्चाचा अंदाज देणारा कॅल्क्युलेटर असतो. सही करण्याआधी एक संध्याकाळ त्याला द्या.

आणि एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनी हे नीट वाचा. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोच्या नागरिकांचा व कायम रहिवाशांचा अर्ज पेन त्यांची ऐपत न बघता तपासतं. ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्या आईवडिलांचं एच-फोरवरचं, म्हणजे त्यांच्यावर अवलंबून म्हणून व्हिसा मिळालेलं, मूल त्यात बसत नाही. ते तिसरीपासून एडिसनच्या शाळेत शिकलेलं असलं तरीही. त्याने मदत मागितली असेल, तर अर्ज बघताना तीही विचारात घेतली जाते.

असाच एक मुलगा गेल्या वर्षी माझ्याकडे निबंध घेऊन आला होता. शनिवार-रविवार एका इंडियन ग्रोसरीत काम करायचा. सोमवारी मेथी-कोथिंबिरीच्या किती जुड्या फेकल्या जातात ते त्याने वहीत लिहायला सुरुवात केली, मग कोणत्या सणाच्या आधी किती मागवायच्या याचा अंदाज काढून मालकाला दाखवला. त्याच्या पहिल्या मसुद्यात यातलं काहीच नव्हतं. 'नेतृत्व' होतं, शेअर बाजार होता, शाळेच्या क्लबचं अध्यक्षपद होतं. वहीची गोष्ट त्याने चहा पिताना सहज सांगितली. मी म्हटलं, हेच लिही, बिझनेस शिकायचंय म्हणतोस ते हेच तर आहे. त्याच्या वडिलांनी हिशोब मांडला, चार पत्रं समोर ठेवून निवडणं गरजेचं आहे असं ठरवलं, आणि अर्ली डिसिजन टाकलं नाही. तो आता एका सरकारी विद्यापीठात अर्ध्या शिष्यवृत्तीवर बिझनेसच शिकतोय.

तेव्हा ज्या ताईंनी परवा आरतीनंतर विचारलं, त्यांना सांगते: कॅल्क्युलेटर तुम्ही दोघांनी भरा, तो तिच्यावर टाकू नका. आणि तिला शनिवारी माझ्याकडे एकटीला पाठवा. येताना निबंध जसा असेल तसा आणू दे, मार्कांचा कागद नको.