आमची वाटचाल: ‘अनडिफाइन्ड’ आणि ‘नॉट डिफाइन्ड’

वेबसाइट बनवून देणारी आमची छोटी फर्म. कोड तपासायची आमची पद्धत आजवर तीनदा बदलली आणि दर वेळी मुळाशी एकच मुद्दा होता: व्हेरिएबल (किंमत साठवायचं नाव) जाहीर केलेलंच नसणं वेगळं आणि जाहीर करून रिकामं राहणं वेगळं.

वेबपानं चालवणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेत नुसतं ‘लेट टोटल’ लिहिलं की नाव तयार होतं, किंमत मात्र ‘अनडिफाइन्ड’. त्यात १ मिळवला की ‘नॅन’, म्हणजे ‘संख्या नाही’. पान चालूच राहतं आणि रकमेच्या जागी ‘नॅन’ झळकतं. नाव कुठेच जाहीर नसताना वाचायला गेलात, तर ‘रेफरन्स एरर’ येते आणि स्क्रिप्ट तिथंच थांबते. हा दोष परवडला, निदान बोंब तरी मारतो.

खरा घात किंमत देताना होतो. ‘टोटल’ऐवजी ‘टोटाल’ टाइप झालं, तर जुन्या ढिल्या मोडमध्ये ‘टोटाल’ नावाचं नवं ग्लोबल (सगळ्या कोडला दिसणारं) व्हेरिएबल गुपचूप तयार होतं आणि ‘टोटल’ची जुनी किंमत तशीच राहते. यावर उतारा म्हणून २००९च्या ईएस५ या जावास्क्रिप्टच्या आवृत्तीतला ‘यूज स्ट्रिक्ट’ घेतला; ही ओळ लिहिली की स्ट्रिक्ट मोड लागू होतो आणि अघोषित नावाला किंमत दिली तर एरर येते. ती ओळ फाइलच्या अगदी वर हवी, आधी फार तर कॉमेंट चालते. चार फाइली जोडून एक केली आणि ती ओळ मध्ये गेली, की तिला काहीच अर्थ उरत नाही. म्हणून ती फंक्शनच्या आत टाकायची. मॉड्यूलमध्ये (इम्पोर्ट-एक्सपोर्ट करता येणाऱ्या फाइलीत) स्ट्रिक्ट मोड आपोआपच असतो.

२०१५नंतर ‘व्हार’ ही व्हेरिएबल जाहीर करायची जुनी पद्धत बंद केली. ‘व्हार’ची घोषणा खाली असली तरी वरच्या ओळीत ते ‘अनडिफाइन्ड’ म्हणून वाचलं जातं. ‘लेट’ तिथे सरळ एरर देतं. आता आधी ‘कॉन्स्ट’ (पुन्हा किंमत देता न येणारं), किंमत बदलणार असेल तरच ‘लेट’.

किमतीचा प्रकार सांगणाऱ्या ‘टाइपऑफ’वर फार विसंबू नये. रिकाम्या आणि अघोषित, दोन्ही नावांना ते ‘अनडिफाइन्ड’च म्हणतं. त्यापेक्षा ईएसलिंट या कोड तपासणाऱ्या साधनाचा ‘नो-अनडेफ’ नियम अघोषित नावं कोड चालवण्याआधीच दाखवतो.

सर्व्हरवर चालणाऱ्या पीएचपी भाषेत २०२०च्या ८.० आवृत्तीपासून अघोषित व्हेरिएबल वाचलं की नोटिसऐवजी त्याहून गंभीर वॉर्निंग येते, पण किंमत ‘नल’ (काहीच नाही) धरून काम पुढे रेटलं जातं. व्हेरिएबल आहे का हे विचारणारं ‘इससेट’ही ‘नल’ असलेल्या व्हेरिएबलला नाहीच म्हणतं.

सर्व्हरकडे डेटा पाठवताना मुद्दाम रिकामा ठेवलेला रकाना ‘नल’च ठेवावा. जेसन (डेटा मजकूर म्हणून पाठवायचा साचा) बनवताना ऑब्जेक्टमधली (नाव-किंमत जोड्यांच्या संचातली) ‘अनडिफाइन्ड’ किंमत नावासकट गळते, ‘नल’ टिकतो. युजरने पत्ता पुसला आणि कोडने ‘अनडिफाइन्ड’ पाठवलं, तर तो रकाना सर्व्हरपर्यंत पोचतच नाही आणि जुना पत्ता तसाच राहू शकतो.