मृत्युपत्रातला ‘माझा पुतण्या विजय’ नेमका कोण?

मृत्युपत्रात एक्झिक्युटर, म्हणजे त्याप्रमाणे वाटप करणारे, म्हणून नेमलेली माणसं लाभार्थ्याची ओळख बऱ्याचदा आधार कार्डाच्या झेरॉक्सवर उरकतात. झेरॉक्स फाइलला लागते, पैसे जातात आणि पुढे कधीतरी दुसराच कोणी ‘ते नाव माझं होतं’ म्हणत दारात उभा राहतो. मुळात इथे प्रश्न दोन आहेत. मृत्युपत्र करणाऱ्याच्या मनात कोण होतं, हा पहिला. आणि समोर आलेली व्यक्ती तीच का, हा दुसरा. आधार, पॅन, पासपोर्ट हे सगळे दुसऱ्या प्रश्नाचे पुरावे. पहिल्याचं उत्तर त्यांत कुठेच नसतं.

म्हणून सुरुवात मृत्युपत्रापासूनच करायची. मूळ प्रत किंवा प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) घेतलं असेल तर त्याला जोडलेली प्रत समोर ठेवा आणि प्रत्येक लाभार्थ्याचं वर्णन जसंच्या तसं उतरवून घ्या: नाव, नातं, वय, पत्ता, ‘धाकट्या बहिणीचा थोरला मुलगा’ असे शब्द, आणि शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा. शेजारी मृत्युपत्राची तारीख लिहा, कारण वय आणि पत्ता त्या दिवसाचे आहेत. 2004 साली ‘वय 19’ असं लिहिलेली मुलगी आज चाळिशीला पोचलेली असते, आडनाव बदललेलं असतं आणि पत्त्यावरची इमारत कदाचित पाडलेलीही असते. पुरवणी मृत्युपत्र असेल तर तेही वाचा. एखादं नाव तिथे बदललेलं असू शकतं.

मग वंशावळ काढा, आणि ती लाभार्थ्याच्या तोंडून नको. ज्यांना त्या तरतुदीतून काही मिळणार नाही अशा निदान दोन नातेवाइकांना वेगवेगळं विचारा. ‘तुमच्याकडे विजय नावाचा कोण आहे?’ असं विचारलं की त्यांच्या डोक्यात असलेला एकच विजय पुढे येतो. ‘त्या पिढीतली सगळी मुलं सांगा’ असं म्हटलं की चुलत घरातला दुसरा विजय, कागदावर विजय पण घरात बंडू असलेला तिसरा, दत्तक गेलेला चौथा असे सगळे दिसायला लागतात. दत्तक गेलेल्याचं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेलं असू शकतं, तेव्हा दत्तकपत्राची नोंदणीकृत प्रत मागा.

वर्णन आणि वास्तव जुळलं नाही, की भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 उघडायचा. कलम 76 सांगतं की कोण अभिप्रेत आहे हे शब्दांवरून पुरेसं कळत असेल, तर नावातल्या किंवा वर्णनातल्या चुकीमुळे देणगी (मृत्युपत्राने दिलेली रक्कम किंवा वस्तू) बुडत नाही. नाव चुकलं तर वर्णनाने दुरुस्त होतं, वर्णन चुकलं तर नावाने. ‘सुनील’च्या जागी ‘सुशील’ पडलं, पण ‘माझ्या भावाचा दुसरा मुलगा’ हे बरोबर आहे आणि सुशील नावाचं दुसरं कोणी नाही, तर फार घाबरण्यासारखं काही नाही.

त्यापुढची दोन कलमं मात्र एकमेकांच्या उलट चालतात आणि गफलत होते ती इथेच. मृत्युपत्राचे शब्द वाचायला स्वच्छ आहेत, पण प्रत्यक्षात ते दोघांना लागू पडतात, जसं की ‘माझा पुतण्या विजय’ आणि पुतणे विजय दोन, तर कलम 80 प्रमाणे बाहेरचा पुरावा चालतो: पत्रं, शिक्षणाचा खर्च कोणाचा केला, शेवटच्या आजारपणात सोबत कोण राहिलं. पण संदिग्धता किंवा उणीव कागदावरच दिसत असेल, समजा नावाची जागाच कोरी सोडली आहे, तर कलम 81 असा पुरावा घेऊ देत नाही. ती देणगी अनिश्चिततेमुळे कलम 89 खाली रद्द होते. ‘काकांच्या मनात कोण होतं ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे’ या वाक्याला तिथे किंमत नाही, सांगणारे कितीही प्रामाणिक असोत.

दोन खरे दावेदार असतील तर निवाडा एक्झिक्युटरने करू नये, असं माझं ठाम मत आहे. दोघांची लेखी संमती मिळाली तर उत्तम. नाही तर कोर्ट. प्रोबेट मिळालेलं असेल तर कलम 302 खाली उच्च न्यायालयाकडे मिळकतीच्या व्यवस्थेबाबत निर्देश मागता येतात. चुकीच्या माणसाला दिलेल्या पैशाची भरपाई एक्झिक्युटरच्या स्वतःच्या खिशातून होऊ शकते. कलम 368 त्यासाठीच आहे.

आता दुसरा प्रश्न, समोरच्या व्यक्तीचा. इथे एक कागद कधी पुरत नाही, साखळी लागते. जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला, त्यानंतर विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र, शेवटी आजचं ओळखपत्र. लागोपाठच्या प्रत्येक दोन कागदांत न बदलणारं काहीतरी सामाईक हवं: आईवडिलांचं नाव, जन्मतारीख. जुन्या जन्मदाखल्यात बऱ्याचदा बाळाचं नावच नसतं, तेव्हा तो एकटा निरुपयोगी. आधारवर जन्मतारखेसाठी विसंबू नका; ते ओळखीचं साधन आहे, जन्मतारखेचा पुरावा नव्हे. छापील मजकुरावर न थांबता त्यावरचा क्यूआर कोड अधिकृत अ‍ॅपने स्कॅन करा, कारण फोटो बदललेली झेरॉक्स डोळ्यांना ओळखू येत नाही.

पॅनमध्ये एक छोटी खूण लपलेली असते. दहापैकी चौथं अक्षर व्यक्तीसाठी ‘पी’ असतं आणि पाचवं अक्षर आडनावाचं आद्याक्षर. लग्नानंतर नाव बदललं तरी क्रमांक तोच राहतो. त्यामुळे लग्नाआधी पॅन काढलेल्या बाईच्या क्रमांकात माहेरचं आडनाव डोकावतं आणि मृत्युपत्रातल्या नावाशी तो धागा जुळतो. हा पुरावा नव्हे, पण न जुळल्यास आणखी विचारायला हवं हे कळतं.

‘अमुक आणि तमुक नावाची व्यक्ती मीच’ हे प्रतिज्ञापत्र सगळेच आणतात. ते शेवटी त्या व्यक्तीचंच म्हणणं असतं. नोटरीचा शिक्का मजकूर खरा असल्याची हमी देत नाही, म्हणून साखळीतली छोटी फट बुजवण्यापुरताच त्याचा उपयोग. जिथे सगळी साखळीच प्रतिज्ञापत्रांची आहे, तिथे थांबा.

लाभार्थी संस्था असेल तर लोकांच्या तोंडातलं नाव सोडून नोंदणी प्रमाणपत्रावरचं नाव, नोंदणी क्रमांक आणि पैसे स्वीकारायचा अधिकार कोणाला आहे तो ठराव पाहा.

लाभार्थी हयात नसेल तर त्याच्या वारसांची ओळख पटवण्याआधी तारखा बघा. तो मृत्युपत्रकर्त्याच्या आधी गेला असेल तर कलम 105 नुसार, मृत्युपत्रात वेगळं काही नसल्यास, देणगी संपते आणि त्याचे वारस दारात आले तरी त्यांना देण्यासारखं काही नसतं. अपवाद कलम 109 चा: लाभार्थी मृत्युपत्रकर्त्याचा मुलगा, मुलगी किंवा थेट वंशज असेल आणि त्याचे स्वतःचे वंशज हयात असतील, तर देणगी टिकते. सात वर्षं बेपत्ता असलेल्या माणसाबाबत मृत्यूचं गृहीतक कायद्यात आहे, पण मृत्यू नेमका कधी झाला हे त्यातून ठरत नाही, आणि इथे तर तारखेवरच सगळं अवलंबून आहे. लाभार्थी अज्ञान, म्हणजे कायद्याने सज्ञान न झालेला, असेल आणि पैसे कोणाच्या हाती द्यायचे हे मृत्युपत्रात लिहिलेलं नसेल, तर रक्कम नातेवाइकाकडे देऊन मोकळं होता येत नाही. ती कोर्टात भरावी लागते.

परदेशातल्या लाभार्थ्याशी व्हिडिओ कॉल करा, पण ओळखीचे प्रश्न विचारताना उत्तर प्रश्नात घालू नका. ‘तुमच्या आजीचं नाव लक्ष्मीच ना?’ याला ‘हो’ म्हणणं कोणालाही जमतं. खातं बदलल्याचा ईमेल आला तर त्यातल्या नंबरवर नव्हे, तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन लावून खात्री करा.

घाई करायला कोणी लावत असेल तर कलम 337 दाखवा: मृत्युपत्रकर्त्याच्या मृत्यूपासून वर्ष पुरं होईपर्यंत देणगी देण्याचं बंधन एक्झिक्युटरवर नाही. कलम 360 प्रमाणे रीतसर नोटीस काढून मुदत संपल्यावर वाटप केलं, तर ज्या दाव्याची खबरच नव्हती त्याबद्दलची वैयक्तिक जबाबदारी टळते.

पैसे पाठवताना लक्षात ठेवा की एनईएफटीत रक्कम खाते क्रमांकावर जाते, नाव जुळलं नाही म्हणून ती अडत नाही. आधी बँकेच्या सोयीतून खातेदाराचं नाव तपासा, रद्द केलेला चेक घ्या, आणि रक्कम लाभार्थ्याच्या स्वतःच्या खात्यातच टाका, नवऱ्याच्या किंवा भावाच्या नाही. पोहोच घेताना मृत्युपत्रातलं नाव, आजचं नाव, परिच्छेद क्रमांक आणि रक्कम लिहून घ्या. 5000 रुपयांच्या वरच्या पावतीला एक रुपयाचं महसुली तिकीट लावून त्यावर आडवी सही घ्या. ओळख कशावरून पटवली त्याची एक पानी टिपण, कागदांच्या तारखांसह, त्याच पोहोचेला टाचून ठेवा.