घडी नको, गुंडाळ

परवा दुपारी गॅलरीत पापड राखत बसलो होतो. निवृत्तीनंतर हे खातं आपोआप माझ्याकडे आलं. खाली पार्किंगमध्ये एक तरुण त्याच्या जुन्या जीपमध्ये टेबल चढवत होता. जीप हौसेची, लष्करी हिरव्या रंगात रंगवलेली, वर कापडी टप. मागचा पडदा त्याने पटापट सोडवला आणि रुमालासारखी त्याची दुहेरी घडी घालून टपावर भिरकावली. पडद्यातल्या प्लास्टिकच्या खिडकीसकट.

"अरे!" मी दुसऱ्या मजल्यावरून ओरडलो. त्याने वर पाहिलं. मी पापडांकडे पाहिलं.

त्या पारदर्शक प्लास्टिकला एकदा घडी पडली की पांढरी रेघ उमटते, ती जन्मात जात नाही. पुढे तीच रेघ तडकते. थंडीत सकाळी तर ते इतकं कडक होतं की वाकवलं की 'कट्ट'. उन्हाळ्यात उलट, मऊ पडून आपलं आपल्यालाच चिकटतं. कोरड्या फडक्याने धूळ पुसली तर ओरखडे. म्हणून आधी तांब्याने पाणी ओतायचं, मग आजीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा त्यावर पसरायचा आणि खालून वर, चटई गुंडाळतात तसं सैल गुंडाळत न्यायचं. मग दोन्हीकडचे पट्टे आवळायचे. याला माणसं दोन लागतात. आमच्याकडे एक काका, दुसरा मी.

"घडी घालू नको रे मेल्या, गुंडाळ!" देवगडच्या बागेतले माझे सगळे मे महिने या एका वाक्याने सुरू होत.

काकाची जीप म्हणजे ती उंच बॉनेटवाली सीजे-३बी. नवं इंजिन उंच निघालं म्हणून अमेरिकेत विलिजवाल्यांनी १९५३ साली बॉनेटच उंच केलं, आणि तेच नाक पुढे आपल्याकडच्या महिंद्रच्या जीपांना आलं. काका बुटका. त्याला पुढचं मान उंचावून दिसे. मागचं तर सोडाच, कारण पेट्या चढल्या की त्या एवढ्या जपलेल्या खिडकीतून पेट्याच दिसायच्या. फळ्यांच्या फटीतून डोकावणारा पेंढा, झाकणाचे खिळे, आणि बाजूला शाईने लिहिलेलं आमचं आडनाव, तेही उलटं चढवलेलं.

मग पडदा वर बांधूनच का नाही न्यायचा? तर धुरळा. जीप पुढे पळते तशी मागे पोकळी होते आणि रस्त्यावरची तांबडी माती, सायलेन्सरचा धूर, सगळं वळून आत येतं. बागेपासून नांदगाव तिठ्यापर्यंत उघड्या पडद्याने गेलं तर पेट्यांवर बोटाने नाव लिहावं इतका थर. मी पेट्यांवर पालथा झोपून जायचो, माझे केस, पापण्या सगळं तांबडं व्हायचं. त्याची काकाला फिकीर नव्हती. "मुंबयकारांक आंबो पिवळो होयो, तांबडो नको," म्हणायचा.

म्हणून पेट्या चढवून झाल्या की पडदा खाली. पण एखादी पेटी फाळक्यावर दोन बोटं बाहेर येतेच. वीस पेट्यांची जीप, आणि काका एकविसावी घेणार हे ठरलेलं. मग त्या पेटीच्या कोपऱ्यावर गोणपाटाची घडी (गोणपाटाला घडी चालते), त्यावरून पडदा बेताने ओढायचा, आणि बक्कल लागेपर्यंत दोघांनी श्वास धरायचा.

यातलं खरं मानाचं काम मात्र पुढे असे. काका रिव्हर्स टाकी आणि मी मागे उभा राहून, "येवंदे... येवंदे... बस्स!" दहा वर्षांच्या पोराच्या शब्दावर भरलेली जीप हलायची आणि थांबायची.

एका संध्याकाळी फणसावर धनेशाची जोडी येऊन बसली. एवढी मोठी चोच इतक्या जवळून मी कधी पाहिली नव्हती. तोंडाने 'येवंदे' चालूच होतं. जीप चिऱ्याच्या गडग्यावर आपटली, वरची रांग मागे सरकली आणि एका पेटीचा कोपरा ती खिडकी या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडत बाहेर आला.

काका उतरला. बघितलं. फाटक्या जागी गोणपाट कोंबलं आणि, "बस," एवढंच म्हणाला. तिठ्यावर मुंबईचा ट्रक कोणासाठी थांबत नाही. वाटभर शिवी नाही, काही नाही.

आठवड्याभरात कणकवलीहून पडद्याला नवं प्लास्टिक शिवून आलं. इतकं स्वच्छ की पुढच्या सीटवरून खळ्यातली कोंबडी दिसायची. त्यानंतर रिव्हर्स घ्यायच्या आधी काका इंजिन चालू ठेवून खाली उतरायचा, मागे जाऊन स्वतः बघून यायचा, मग चढायचा. मी ओटीवर उभा असायचो. त्याने मला 'ये' म्हटलं नाही, मीही विचारलं नाही. पुढचे दोन्ही हंगाम असेच गेले. मग माझं मुंबईचं शिक्षण सुरू झालं.

खाली टेबल एकदाचं आत गेलं, पाय वर करून. दोन पाय बाहेरच राहिले, त्यामुळे पडदा टपावरच. पोराने जीप चालू केली आणि मान वळवून, टेबलाच्या पायांमधून काही दिसतंय का बघत, मागे घ्यायला लागला. मागे फाटकाचा खांब. वॉचमन खुर्चीत झोपलेला.

मी उठून कठड्याशी गेलो.

"येवंदे!" तोंडातून तेच निघालं. "येवंदे... येवंदे... बस्स!"

थांबला. खांबापासून वीतभर. वर बघून त्याने हात केला, मीही केला. वळलो तर दोन पापड कावळ्याने नेले होते.