चपला घालून रापण

रात्री साडेअकराला सुपरवायझरचा मेसेज आला. "दादा, हा दोर ओढत नाहीये. दोर घेऊन फिरायला निघालाय. वेट येत नाही. उद्या सहापर्यंत द्याच."

ॲनिमेशनचा शॉट, चार सेकंदांचा. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे सगळ्या मिळून ९६. किनाऱ्यावर उभा राहून एक माणूस समुद्रातलं जाळं ओढतो, एवढंच त्यात होतं. मुंबईच्या स्क्रिप्टमध्ये त्याला 'कोळी' म्हटलं होतं, आमच्या मालवणात तो रापणकार. पैसे मिळणारा माझा हा पहिलाच शॉट, आणि तो तिसऱ्यांदा परत आला होता. सुपरवायझरचं वय माझ्या निम्मं. मुलगा गुणी, पण त्याचं ते 'दादा' त्या रात्री मला फार टोचलं.

मी मूळचा पेंटर. इंटरमिजिएटला ए ग्रेड आली तेव्हा ड्रॉइंगचे सर म्हणाले होते, जेजेला जा. मुंबईत राहण्याचा खर्च घरच्यांना झेपणारा नव्हता, मग पाट्या रंगवायला लागलो. दुकानं, खानावळी, आणि मुख्य म्हणजे होड्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, आणि नारळी पौर्णिमा जवळ आली की प्रत्येकाला आपलीच होडी आधी रंगवून हवी असते. पावसाची उघडीप मिळेल तेवढ्यात नाव घालायचं, खाली आयएनडी-एमएचने सुरू होणारा नंबर. होडीचं अंग गोल, त्यावर सरळ काढलेलं अक्षर लांबून वाकडं दिसतं. म्हणून ते मुद्दाम थोडं वाकडं काढायचं, म्हणजे लांबून सरळ दिसतं. हे मला कुणी शिकवलं नाही. चार होड्या बिघडल्यावर आपोआप आलं.

मग फ्लेक्स आला. माझी चार दिवसांची पाटी चार तासांत छापून मिळायला लागली, वर पुढाऱ्याचा फोटोही. त्याबद्दल रडून झालंय, इथे नको.

भाच्याच्या जुन्या लॅपटॉपवर ब्लेंडर नावाचं ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर होतं, फुकटचं. ते फुकट का, हेही त्यानेच सांगितलं. मूळ कंपनी बुडाली तेव्हा २००२ साली जगभरच्या लोकांनी एक लाख युरो वर्गणी काढून ते सर्वांसाठी खुलं करून घेतलं. देवळाच्या जीर्णोद्धारासारखंच की! एक्केचाळिसाव्या वर्षी मी त्यात तीन महिने नुसता चेंडू उडवला. बायको येता-जाता बघायची आणि काही बोलायची नाही, तेच जास्त लागायचं. पुढे याच सॉफ्टवेअरवर केलेल्या लाटव्हियाच्या एका चित्रपटाला २०२५ साली ऑस्कर मिळालं, तेव्हा तिने पहिल्यांदा विचारलं, "तुमी करतास तांच काय ह्यां?"

तर, त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी साडेसहाला दांडीच्या किनाऱ्यावर गेलो. रापण लागली होती. होडीने जाळं समुद्रात अर्धगोल सोडलेलं, त्याची दोन टोकं किनाऱ्यावर, प्रत्येक दोराला दहा-बारा माणसं. मी मोबाईल काढून लांबून शूटिंग करत उभा राहिलो. ज्याची होडी मी तीनदा रंगवली होती, त्या तात्यांनी बघितलं.

"काय पेंटर, आज हय खय? फोटो कसले काढतंस, हात लाव."

मोबाईल खिशात टाकला आणि दोर धरला. जन्म समुद्राकाठी गेला, पण रापण कधी ओढली नव्हती. जोर लावला तो दंडातून. दोन मिनिटांत हात भरून आले. तात्या मागून ओरडले, "हातान काय ओढतंस? टाच रोव, टाच!"

टाच रोवली आणि शॉट कुठे चुकला ते कळलं. हात ओढतच नाहीत. कोपर सरळ, बोटं नुसती आकड्यासारखी दोराला अडकलेली. आधी टाच वाळूत घुसते, मग मागे पाट ठेवलाय अशा बेताने कंबर खाली बसते, खांदे तिच्यामागून जातात आणि मान सगळ्यात शेवटी. दोर ताणला की पिळल्यासारखं त्यातून पाणी गळतं. टाच पकडलेल्या जागी राहतही नाही, वीतभर घसरते, पुन्हा रोवावी लागते. आणि लाट परत जाते तेव्हा कुणीच ओढत नाही, सगळे फक्त धरून उभे. जोर सगळा तेव्हाच असतो, पण हालचाल काहीच नाही.

माझ्या शॉटमध्ये नेमका त्या जागी माणूस दोन पावलं चालत होता.

जाळं वर आलं. तारले आणि थोडे पेडवे. पिशवीत माझा वाटा पडला, तो घरी टाकून थेट लॅपटॉपवर बसलो.

दोन पोझ दिल्या की मधल्या फ्रेम कॉम्प्युटर भरतो. हाताने चित्रं काढत तेव्हा या कामाला वेगळी माणसं असायची. कॉम्प्युटर भरतो, पण पंगतीत वाढल्यासारखा, सगळ्यांना सारखं. हात, खांदे, कंबर एकाच फ्रेमला निघतात आणि एकाच फ्रेमला थांबतात. मी ती पंगत मोडली. कंबर तीन फ्रेम आधी काढली, खांदे मागून, डोकं आणखी मागून. हात दोराला बांधून टाकले. लाट परतते तिथे १४ फ्रेम माणूस नुसता उभा, फक्त टाच हळूहळू घसरते. त्या टाचेवर दोन तास गेले. मध्ये लाईट गेली, आली, पुन्हा गेली. पाच चाळीसला फाईल पाठवली.

उत्तर आलं, "आता ओढतोय."

संध्याकाळी ऐटीत मोबाईल घेऊन दांडीवर गेलो. चारपाच जण जमले. तात्यांनी दोनदा बघितलं. मी वाट बघत होतो.

"हो कोण? चपलां घालून रापण ओढता?"

बाजूचा म्हणाला, "आणि एकटोच? बाकीचे खय गेले, जेवक?"

हसून हसून एक जण वाळूत बसला. चपला मी आठ दिवस बघत होतो, पण त्या मला दिसल्या नव्हत्या. मॉडेल मुंबईहून आलेलं, क्लायंटने पास केलेलं, त्याला हात लावता येत नव्हता. बाकीच्या माणसांचं तर बजेटच नव्हतं. पण इतक्या छोट्या कामात समुद्र म्हणजे निळा पत्राच, तो वर-खाली करायला कुणी मना केलं नव्हतं. रात्री तो वर घेतला. चपला बुडाल्या. दोन तासांची टाचही बुडाली.

सकाळी सुपरवायझरचा फोन. "दादा, पाणी का वाढवलं?"

म्हटलं, "भरती."