सेंट निओटच्या खिडक्यांचे पैसे कोणी दिले?

इंग्लंडमधल्या कोणत्याही जुन्या गावचर्चमध्ये गेलो की तिथल्या माहितीपत्रकात एक वाक्य हमखास वाचायला मिळते: मध्ययुगात सामान्य माणसाला अक्षरओळख नव्हती, म्हणून बायबलमधल्या कथा त्याला रंगीत काचांमधून सांगितल्या जात. हे खोटे नाही, पण फार अपुरे आहे असे माझे मत आहे. पुष्कळ काचचित्रे इतक्या उंचावर असतात की दुर्बिणीशिवाय त्यांतले प्रसंग ओळखू येत नाहीत, आणि ज्यांच्या तळाशी मजकूर आहे त्यांतला बराचसा लॅटिनमध्ये असतो, म्हणजे निरक्षराला तो दुहेरी निरुपयोगी. शिवाय तो मजकूर कित्येकदा वरच्या कथेविषयी नसतोच. खिडकीचा खर्च कोणी केला आणि कोणासाठी प्रार्थना करावी, हे त्यात लिहिलेले असते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण मला कॉर्नवॉलमध्ये, बॉडमिन मूर या माळरानाच्या दक्षिण कडेवरच्या सेंट निओट गावात सापडले. तिथल्या चर्चमध्ये पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून 1530 च्या सुमारापर्यंत बसवलेल्या खिडक्यांचा मोठा संच टिकून आहे. त्यांतल्या काही स्थानिक जमीनदार घराण्यांनी दिल्या, त्यात नवल नाही. नवल आहे ते उत्तरेकडच्या भिंतीतल्या तीन खिडक्यांचे. एक 1523 मध्ये पॅरिशच्या, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या, पश्चिम भागातल्या विवाहित स्त्रियांनी दिली, दुसरी 1528 मध्ये गावातल्या तरुणांनी आणि तिसरी 1529 मध्ये अविवाहित मुलींनी. स्त्रियांच्या आणि मुलींच्या खिडक्यांमध्ये वर संतांच्या उभ्या आकृती आहेत आणि त्यांच्या पायाशी, सगळ्यांत खालच्या पट्ट्यात, देणगी देणाऱ्या बायका-मुली हात जोडून रांगेने गुडघे टेकून बसल्या आहेत. त्यांचे चेहरे एकमेकींसारखेच आहेत. चित्रकाराने प्रत्येकीची वेगळी ओळख दाखवण्याचा खटाटोप केलेला नाही.

गावातल्या मुलींकडे एवढा पैसा आला कुठून, हा प्रश्न साहजिक आहे. त्या काळच्या पश्चिम इंग्लंडमध्ये तरुणांचे आणि अविवाहित मुलींचे स्वतंत्र गट असत, त्यांचा निधी वेगळा असे आणि त्याचे कारभारीही त्यांच्यातूनच नेमले जात. शेजारच्या डेव्हनमधल्या मोरबाथ या लहानशा गावाच्या पाद्र्याने 1520 पासून अर्धशतकाहून अधिक काळ लिहिलेले हिशेब सुदैवाने उपलब्ध आहेत. त्यांत तरुणांनी बिअर गाळून ती विकून जमवलेले पैसे आणि मुलींनी गोळा केलेली वर्गणी अशा नोंदी सापडतात. सेंट निओटच्या खिडक्यांमागेही अशीच वर्गणी असणार असे मानायला हरकत नाही.

या खर्चामागची श्रद्धा समजल्याशिवाय खिडकी समजत नाही. मृत्यूनंतर बहुतेक माणसे थेट स्वर्गात जात नाहीत, पर्गेटरी नावाच्या मधल्या स्थानी पापक्षालन होईपर्यंत यातना भोगतात, आणि जिवंत माणसांच्या प्रार्थनेने तो काळ कमी होतो, अशी शिकवण होती. तेव्हा ज्या खिडकीकडे पुढच्या कित्येक पिढ्या दर रविवारी पाहणार, तिच्या तळाशी आपली आकृती असणे ही अत्यंत व्यावहारिक तजवीज होती. कथा वर, विनंती खाली. आणि माझ्या मते पैसे मुख्यतः त्या खालच्या विनंतीसाठी मोजले जात.

तरुणांच्या खिडकीत मात्र गावच्याच संताचे चरित्र आहे, आणि ते विलक्षण रंगतदार आहे. देवदूताने निओटला विहिरीतले तीन मासे दाखवले आणि रोज एकच घेतलास तर तीनच्या तीन कायम राहतील असे सांगितले. पुढे निओट आजारी पडला, तेव्हा बॅरियस नावाच्या सेवकाने त्याला काहीतरी चांगले खायला मिळावे म्हणून दोन मासे पकडले आणि एक शिजवायला व दुसरा भाजायला घातला. निओट घाबरला, त्याने ते परत पाण्यात सोडायला लावले, आणि शिजलेले मासे जिवंत होऊन पोहू लागले. या प्रसंगांत सेवकाच्या स्वयंपाकाला चित्रकाराने दिलेली जागा पाहून, पैसे देणाऱ्या तरुणांना संताइतकाच बॅरियसही आवडत असावा अशी शंका येते. उत्तरेच्या खिडकीवर थेट ऊन येत नसल्याने रेषा दिपून जात नाहीत आणि असले बारकावे निवांत पाहता येतात.

या रेषा काचेवर रंगवलेल्या असतात, पण लाल-निळे रंग काचेच्या अंगचेच असतात. इंग्लंडमध्ये पांढरी काच होत असे, रंगीत बहुतांशी युरोप खंडातून आणावी लागे. लाल काच आरपार लाल केली तर जवळजवळ काळी दिसते, म्हणून पांढऱ्या काचेवर लाल रंगाचा पातळ थर चढवत. लोहाची किंवा तांब्याची भस्मे काचेच्या पुडीत मिसळून केलेल्या गडद रंगाने नाक, डोळे, वस्त्रांच्या चुण्या काढायच्या, तुकडे भट्टीत भाजायचे, मग शिशाच्या खाचेदार पट्ट्यांत बसवून सांध्यांवर डाग द्यायचा, असा हा क्रम होता. चौदाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये एक मोठी सोय झाली: चांदीच्या संयुगाचा लेप काचेच्या मागच्या बाजूला लावून भाजला की तेवढा भाग पिवळा होतो. त्यामुळे चेहरा पांढरा आणि केस किंवा मुकुट सोनेरी, हे एकाच तुकड्यावर साधू लागले, आणि महाग रंगीत काच कमी लागू लागली.

मुलींनी खिडकी दिली 1529 मध्ये. पुढच्या वीस वर्षांत इंग्लंडचे चर्च पोपपासून फुटून प्रॉटेस्टंट वळणावर गेले आणि तिचा हेतूच बेकायदा ठरला. 1547 च्या राजाज्ञेत भिंतींवरची आणि खिडक्यांच्या काचांमधलीही अंधश्रद्धेची चित्रे नष्ट करण्याचा हुकूम होता, आणि त्याच वर्षी मृतांसाठी मिसा, म्हणजे चर्चमधली प्रार्थनाविधी, म्हणण्याचे निधी सरकारजमा करण्याचा कायदा झाला. तरीही सगळ्या काचा फुटल्या नाहीत. कारण अगदी रोकडे होते. विल्यम हॅरिसन या पाद्र्याने 1577 मध्ये लिहून ठेवले आहे की देशभर साध्या काचा बसवायला पुरेसा माल नव्हता आणि खर्चही अफाट आला असता, म्हणून जुन्या काचा हळूहळू आपोआप मोडकळीस येऊ दिल्या गेल्या. पावसाळी देशात उघडी खिडकी कोणाला परवडणार? पुढे सतराव्या शतकात राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवी युद्धाच्या काळात, पार्लमेंटच्या बाजूने चर्चमधली चित्रे फोडायला नेमलेल्या विल्यम डाउझिंगने केंब्रिजशर आणि सफोकमधल्या चर्चमधून जी मोडतोड केली, तिची त्याने स्वतःच रोजनिशी ठेवली. आणि चित्रांबरोबर मृतांसाठी प्रार्थना मागणारे लेखही तो वेचून काढत होता, यावरून त्याला मर्म नेमके कळले होते असे म्हणावे लागते.

एकोणिसाव्या शतकात काचचित्रांची लाट पुन्हा आली, तेव्हा प्रार्थनेच्या विनंतीची जागा ‘स्मरणार्थ’ने घेतली. या काळातल्या कारखान्यांनी खिडक्या अक्षरशः घाऊक पुरवल्या आणि त्यांतल्या पुष्कळशा मला कंटाळवाण्या वाटतात. ही लाट मुंबईपर्यंतही पोहोचली: पहिल्या अफगाण युद्धातल्या मृतांच्या स्मृतीसाठी बांधलेल्या कुलाब्याच्या अफगाण चर्चच्या काचा न्यूकॅसलच्या विल्यम वेल्सकडून आल्या.

विसाव्या शतकातले उदाहरण केंटमधल्या ट्यूडली गावचे आहे. 1963 मध्ये समुद्रात नौका बुडून मरण पावलेल्या सारा दाविग्दोर-गोल्डस्मिड या तरुणीच्या स्मरणार्थ तिच्या आईवडिलांनी प्रसिद्ध चित्रकार मार्क शागालकडून पूर्वेची खिडकी करवून घेतली. ती 1967 मध्ये बसवली गेली. त्या वेळी चर्च पाहून शागालने उरलेल्या सगळ्या खिडक्या करण्याची तयारी दाखवली, आणि बारा खिडक्यांचा संच 1985 मध्ये पूर्ण झाला. मात्र त्यासाठी तिथल्या व्हिक्टोरियन काचा काढाव्या लागल्या. त्या फेकून दिल्या नाहीत. पाद्र्यांच्या खोलीत हलवून मागे दिवे लावले आहेत.