किती वेळ बघायचं?

दुपारी जेवून जरा आडवा झालो, तर सोसायटीची टाकी ओव्हरफ्लो झाली. गच्चीवरून धार थेट सायकल स्टँडच्या पत्र्यावर. खिडक्या धडाधड उघडल्या, "अहो, मोटार बंद करा" असा पुकारा झाला, वॉचमनचा शोध सुरू झाला. पुण्यात पाणी वरून पडताना दिसलं, की ते बंद कुठून करायचं हेच आधी सुचतं. मी मात्र पडल्या पडल्या ऐकत राहिलो आणि माझी एक जुनी अडचण वर आली. धबधबा नेमका किती वेळ बघायचा?

सूर्यास्ताचं बरं असतं. सूर्य बुडाला की माणसं कपडे झटकून उठतात. किल्ल्याला माथा असतो, देवळाला प्रदक्षिणा. धबधब्याचं तसं काहीच नाही. आपण पोचलो तेव्हा चालू होता, निघालो तरी चालूच. मग लोक फोटो काढतात, कणीस खातात आणि ड्रायव्हरने हॉर्न वाजवला की निघतात. बघून पोट भरलं म्हणून निघालेला माणूस मला अजून भेटायचाय.

लहानपणी जोगला गेलो होतो. भाड्याची ट्रॅक्स, आई-बाबा, काका, आत्या, चुलत भावंडं आणि दशम्यांचे डबे. कठड्याशी उभे राहिलो तर समोर नुसतं पांढरं धुकं. आवाज मात्र असा, की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागत होतं. काकांचं त्यामुळे काही अडलं नाही. शरावती नदी, उंची २५३ मीटर, धारा चार, राजा, राणी, रोअरर आणि रॉकेट. धुक्याकडे बोट करून त्यांनी एकेक दाखवलीसुद्धा. आत्या म्हणाली, "आवाज ऐकला ना? झालं तर मग. चला."

तेवढ्यात धुकं फाटलं. राजा सरळ खाली उडी घेत होता, रोअरर आदळत-आपटत त्याला जाऊन मिळत होता, रॉकेट सुटत होता. राणी तेवढी खडकाला धरून, फेसाळत उतरत होती. आत्याला ती पसंत पडली. "बाई सांभाळून उतरतेय," म्हणाली. काकाही गप्प. मी एक खेळ काढला: राजाच्या माथ्यावरचा पाण्याचा एक लोळ नजरेने पकडायचा, तळापर्यंत त्याच्याबरोबर जायचं, की लगेच वर येऊन दुसरा पकडायचा. असं बराच वेळ केल्यावर सहज बाजूच्या कड्याकडे पाहिलं, तर कडा वर सरकत होता. झुडपांसकट.

"आत्या, दगड वर चाललेत."

तिने कपाळाला हात लावून पाहिला. "पित्त झालंय. सकाळी रिकाम्या पोटी चहा ढोसलास." आणि पिशवीतून आवळासुपारी काढून दिली.

पुढे कळलं, की १८३४ मध्ये रॉबर्ट ॲडम्स नावाच्या गृहस्थांनी स्कॉटलंडमधल्या फॉयर्सच्या धबधब्यापाशी हेच पाहून लिहून ठेवलं होतं. एकाच दिशेची हालचाल सतत बघून मेंदूतला त्या बाजूचा पहारा थकतो. मग स्थिर गोष्टही उलट दिशेला निघाल्यासारखी वाटते. ॲडम्सना कुणी आवळासुपारी दिली नसावी. मला मात्र माप मिळालं: दगड चालू लागेपर्यंत बघायचं. ठोसेघरला, ताम्हिणीत, सगळीकडे मी तेच करतो. घरच्यांना वाटतं, निसर्गात रमलाय.

जोगही आता पूर्वीसारखा आपल्या मर्जीने पडत नाही. वर लिंगनमक्कीचं धरण १९६४ पासून आहे. पाणी आधी विजेचं, उरेल ते बघणाऱ्यांचं. आपण तरी नाव कुणाला ठेवणार? जोगच्या जवळजवळ दुप्पट उंचीवरून पडणारं पाणी आपल्या पुणे जिल्ह्यातूनच निघतं. मुळशीचं. मुळा खरी पुण्याकडे, पुढे भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराकडे जाणारी. टाटांच्या धरणाने तिचं पाणी वळवलं, ते सुमारे ५०० मीटर खाली कोकणात भिऱ्याला उतरतं, वीज करतं आणि कुंडलिकेतून अरबी समुद्राला मिळतं. कोलाडला राफ्टिंग करताना आपण ओरडतो, ते याच पाण्यावर. पण हा धबधबा नळांतून पडतो. त्याला कठडा नाही, सेल्फी नाही, कणीसवाला नाही. या धरणापायी बुडणाऱ्या जमिनींसाठी १९२१ मध्ये सेनापती बापट मावळ्यांना घेऊन सत्याग्रहाला बसले होते. जमिनी गेल्याच. ताम्हिणीला जाताना आपण त्याच तलावाच्या कडेने जातो आणि "काय व्ह्यू आहे" म्हणतो. मीही म्हणतो. व्ह्यू आहेच.

संध्याकाळी चहाच्या वेळी घरात म्हटलं, यंदा पावसात जोगला जाऊ या का. उत्तर आलं, "आधी धरणाचे दरवाजे उघडलेत का ते बघ, आणि मग रजा टाक."